बिनखळीचा जावई

पिणाऱ्या माणसाची मावशीला कीव येत नसे आणि न पिणाऱ्यावर तिचा विश्वास बसत नसे. न पिणारा म्हणजे ज्याला अजून संधी मिळाली नाही तो, असं तिचं साधं गणित होतं. दारूबंदीचा कायदा झाला तेव्हा शहरात केवढा मोठा मोर्चा निघाला होता. सगळ्यात पुढे दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षीणबाई, हातात पांढराशुभ्र कापडी फलक घेऊन. तो फलक आदल्या दिवशी मावशीच्याच लाँड्रीत धुतला होता. "कडक खळ घाला हं, वाऱ्यानं मुरगळता कामा नये," असं बाईंनी बजावलं होतं. सहा महिन्यांनी त्याच बाई गल्ल्यापाशी वाकून हळूच म्हणाल्या, "मावशी, रात्री खोकल्यानं डोळ्याला डोळा लागत नाही हो. तुमच्याकडे काही असतं म्हणे."

मावशीकडे होतं. तिच्याकडे दोन भट्ट्या होत्या. पुढची कपड्यांची, तिची पाटी दारावर लावलेली होती. मागची कोळशाच्या खोलीपलीकडे, बिनपाटीची. दोन्हींचा धूर एकाच धुराड्यातून जाई आणि सोडा, साबण, उकळत्या चादरी यांच्या वासात मागचा वास असा मुरायचा की नाक असलेल्यालाही पत्ता लागू नये. जुना इन्स्पेक्टर दारात उभा राहून म्हणायचा, "काय मावशी, भट्टी जोरात दिसतेय!" मावशी म्हणायची, "तुमच्या कृपेनं." दोघंही खरंच बोलत आणि इन्स्पेक्टर आपली कडक इस्त्रीची पँट काखोटीला मारून निघून जाई.

कारण धंद्याची सगळी भाषा त्या एका शब्दात होती. 'साधी इस्त्री' सांगितलं तर कपडे मिळत. 'कडक इस्त्री' सांगितलं तर कपड्यांच्या घडीत, कोटाच्या बाहीत किंवा उशीच्या अभ्र्यात बाटली मिळे. शनिवारी सकाळी गठ्ठे घरपोच जात, म्हणजे शनिवारच्या संध्याकाळी शहरातली सभ्य माणसं दारं-खिडक्या लावून बसायला मोकळी. मॅजिस्ट्रेटसाहेब कडक. डॉक्टर कडक. वकील कडक. शाळेचे हेडमास्तर तर इतके कडक की मुलांना त्यांच्या कोटाचा धाक वाटे. गरिबाला, हमालाला मावशी विकत नसे. त्यात माया वगैरे काही नव्हती. गरीब माणूस पिऊन रस्त्यात पडतो आणि कुणाची प्यायली ते ओरडून सांगतो. साहेबलोक गादीवर पडतात आणि सकाळी उठून दारुड्यांना शिक्षा ठोठावतात. अशा गिऱ्हाइकाला मरण नाही, असं ती म्हणायची.

आणि या शहाण्यांची मागणी एकच. "मावशी, पहिल्या धारेची द्या हं. दुसरी-तिसरी चालणार नाही." भट्टीचं तोंडही न पाहिलेली ही माणसं जिभा टाळूला लावून चटक-चटक करत आणि एकमेकांना सांगत, "वा! पहिल्या धारेची ती पहिल्या धारेची!" मावशी मान डोलवायची. "हो तर. तुम्हाला दुसरी देईन का?" आणि मनातल्या मनात म्हणायची, गाढवाला गुळाची चव काय.

कारण मावशीची पहिली धार कुणीच कधी प्यायली नव्हती. म्हणजे एकानं प्यायली होती. तिच्या नवऱ्यानं. तो कपडे धुवायचा आणि चोरून भट्टी लावायचा. दोन्ही कामं तिनं त्याच्याकडूनच उचलली. पण त्याला धीर नव्हता. नळीतून थेंब पडू लागले की हा ओंजळ पुढे करून बसायचा. नळीतून सगळ्यात आधी जे उतरतं ते विष असतं, ते बाजूला काढून मगच खरा माल धरायचा, हे त्यानंच तिला शिकवलं होतं आणि त्यालाच ते पाळता आलं नाही. एके दिवशी भर दुपारी, खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलेलं असताना तो म्हणाला, "दिवा लाव की गं. किती अंधार झालाय." दुसऱ्या दिवशी तो गेला. मावशीनं सगळ्यांना सांगितलं, हृदय बंद पडलं. लेकीलाही तेच सांगितलं. नवरा हावरटपणानं मेला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

तेव्हापासून ती पहिली धार निळ्या डब्यात काढून ठेवी. धोब्याच्या घरात काही वाया जात नाही. शाईचा, तेलाचा, गंजाचा डाग त्यानं असा निघे की कापडाला आठवणही राहू नये. डब्यावर तिनं खडूनं ठसठशीत '१' काढला होता. विकायच्या मालाच्या डब्यावर '२'. घरात दुसरं कुणी भट्टीकडे फिरकत नसल्यानं यापेक्षा जास्त लिहिण्याची तिला कधी गरज वाटली नाही. एका गोष्टीचा मात्र तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे. "माझ्या हातची पिऊन आजवर कुणी मेलं नाही," असं ती ताठ मानेनं म्हणायची.

लेकीला तिनं या सगळ्यापासून चार हात लांब ठेवलं होतं. शिकवलं, शाळेत मास्तरीण केलं. एवढं करून त्या शहाण्या पोरीनं नवरा काय निवडला? दारूच्या सरकारमान्य दुकानात बाटल्यांवर लेबलं चिकटवणारा! बंदी आली, दुकानाला टाळं लागलं आणि जावईबापू पेटी घेऊन मावशीच्या घरी राहायला आले. घरजावई! तोही असा, की आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही, आवाज चढवलेला नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवलेला नाही. मावशी त्याला तोंडावर जावईबापू म्हणायची आणि पाठीमागे बिनखळीचा. "कपड्याला खळ नसली की तो दोरीवर लोंबतो ना, तसा आहे," ती लेकीला सांगायची. लेक चिडून म्हणायची, "आई, तो चांगला आहे." "चांगला आहेच गं. पोतेरंही चांगलंच असतं."

तो सकाळी उठून बंब पेटवायचा, कॉलर घासायचा, बोटं भाजून घ्यायचा. सासूनं एकदा तरी 'बरं झालंय' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती इच्छा मावशीला दिसत होती आणि म्हणूनच ती म्हणत नव्हती.

मग जुना इन्स्पेक्टर बदलून गेला आणि नवा आला. तरुण, करकरीत बुटांचा, साधी इस्त्री सांगणारा. असला माणूस धंद्याला घातक. गुरुवारी मावशी, शनिवारपर्यंत दम न निघणाऱ्या हेडमास्तरांचा गठ्ठा घेऊन निघाली, कारण कडक गठ्ठे ती स्वतःच पोचवायची, आणि हेडमास्तरांच्या दारातच त्यानं तिला अडवलं. कोट झटकला. बाहीतून बाटली घरंगळत पायरीवर आली.

"हा कोट कुणाचा?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"माझा नव्हे," हेडमास्तर म्हणाले. अंगात त्याच कापडाची पँट घालून ते दारात उभे होते.

मावशीनं त्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "कोटाला मालक असता तर त्याला कणाही असता."

तिला कोठडीत टाकलं. शुक्रवारी सकाळी वकील आला आणि गजांना तोंड लावून कुजबुजला, "मावशी, काही काळजी करू नका. उद्या शनिवारी दुपारी सुनावणी आहे. कोट बेवारस, बाटली बेवारस. तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं: मला काही ठाऊक नाही. साहेब आपलेच आहेत, संध्याकाळी घरी असाल. पण भलतंसलतं बोललात तर कैद. लाँड्रीला टाळं लागेल आणि तुमच्या मुलीला शाळेतून काढतील. हेडमास्तर स्वतःच काढतील, नाव झाकायला." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "उद्याच्या इस्त्रीचं कसं करताय?"

"माझं काय होतंय त्यापेक्षा याला घशाची चिंता," मावशी मनाशी म्हणाली. पण एक वाक्य म्हणजे फार नव्हतं. लेकीची नोकरी, लाँड्री, म्हातारपण, सगळं त्या एका वाक्यात सुरक्षित होतं.

वकिलामागून जावई आला. गजांबाहेर टोपी चुरगाळत उभा राहिला. "सासूबाई, उद्याचे गठ्ठे मी पोचवू का? सगळे विचारून गेलेत. मला आता बऱ्यापैकी..."

"तुम्ही?" मावशी म्हणाली. "जावईबापू, कॉलरला इस्त्री धड करता येत नाही अजून! ज्याला मालाची चव कळत नाही त्यानं या धंद्यात नाक खुपसू नये. जा, बादल्या घासा."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि गेला. मावशीला बरं वाटलं. गजाआड बसल्या बसल्या कुणावर तरी डाफरायला मिळालं.

शनिवारी दुपारी शिपायानं तिला कोर्टाच्या बोळकांडीत आणलं. तिथं जावई भिंतीला टेकून उभा होता. शर्टाला धूळ, कोपर खरचटलेलं, डोळे लाल आणि पाणावलेले.

"रडताय काय?" मावशी म्हणाली. "मी मेलेय का?"

"रडत नाहीये, सासूबाई. डोळ्यांतून सकाळपासून आपोआपच... डोकं पण जड झालंय, पोटात ढवळतंय. येताना सायकलवरून पडलो."

"सायकलही धड चालवता येत नाही! भित्री भागूबाई नुसती. कोर्ट माझं आहे की तुमचं?"

तरी तो हसला. तोंडावर न मावणारी काहीतरी बातमी होती. पुढे वाकून तो पुटपुटला, "सगळ्यांची कडक इस्त्री पोचली. साहेबांची, डॉक्टरांची, वकिलांची, अध्यक्षीणबाईंची. एकही चुकलं नाही. कालच बाटल्या भरून ठेवल्या होत्या. आणि तुमच्या नावाला साजेशीच दिली, उगाच दोन नंबरची नाही. पहिल्या धारेची."

मावशी थांबली. "कुठल्या डब्यातली?"

"निळ्या. एक नंबरच्या. आमच्या दुकानात एक नंबर म्हणजे..."

"आरोपी हाजिर!" आतून पुकारा झाला. शिपायानं दंड धरून तिला ओढलं. मागून जावई आणखी काहीतरी सांगत होता, चव की काय ते, पण मावशीनं ऐकलं नाही. त्याचं बोलणं मधेच सोडून देण्याची तिला सवयच होती.

पिंजऱ्यात उभी राहून तिनं श्वास घेतला आणि समोर पाहिलं. सगळे आलेले होते. दारूवाली बाई कशी दिसते ते जणू आजच बघायचं होतं त्यांना! पहिल्या बाकावर अध्यक्षीणबाई, मंडळाच्या चार बायका घेऊन, चेहऱ्यावर दुःख थापून. डॉक्टर आपली बॅग शेजारी ठेवून बसलेला. त्याला कोर्टानं आरोपीची प्रकृती तपासायला बोलावलं होतं. हेडमास्तर दुसऱ्या कुणाच्या तरी कोटात. आणि वर मॅजिस्ट्रेटसाहेब, आज सकाळीच पोचलेल्या कोटात. डाव्या कॉलरला सुरकुती होती. बिनखळीच्याची इस्त्री.

मावशीच्या मनात पहिला विचार आला तो हाच की प्या लेकांनो. मागत होतात ना? वर्षानुवर्षं मागत होतात. आता मिळाली खरीखुरी.

दुसरा विचार शहाणपणाचा होता. ही माणसं दिवेलागणीनंतर पितात. आत्ता कुठे दुपार होतेय. एक वाक्य बोलायचं, सुटायचं आणि दारोदार फिरून बाटल्या परत आणायच्या. खळ बिघडली होती म्हणून सांगायचं. ओरडायचं कारण नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

सगळं वकिलानं सांगितल्यासारखंच चाललं. कोट बेवारस. हेडमास्तरांनी तो पुन्हा एकदा नाकारला. नव्या इन्स्पेक्टरचे ओठ रागानं पांढरे पडले. साहेबांनी विचारलं, "बाई, या बाटलीबद्दल तुम्हाला काही माहिती आहे?"

"मला काही ठाऊक नाही," मावशी म्हणाली.

साहेबांनी समाधानानं मान हलवली आणि निकाल सांगायला सुरुवात केली. "समाजाला लागलेली ही कीड आम्ही मुळापासून उपटून टाकूच. तथापि, प्रस्तुत प्रकरणी पुराव्याअभावी..." इथं त्यांचा घसा कोरडा पडला. ते खाकरले. शिपायानं झाकण घातलेला पेला पुढे सरकवला, साहेबांचं घशाचं औषध. साहेबांनी झाकण काढलं.

वास पिंजऱ्यापर्यंत आला. नाकात सुई खुपसावी तसा. हा वास मावशीनं झोपेतही ओळखला असता. नवऱ्याच्या ओंजळीला तो येत असे.

साहेबांचं वाक्य अर्धं झालं होतं. उरलेलं अर्धं घोट घेतल्यावर येणार होतं आणि त्यात तिची सुटका होती. ती गप्प राहिली असती तर कुणीही तिला बोल लावला नसता. आणि हा माणूस तरी कोण? गेल्याच महिन्यात एका हमालाला यानं असाच पेला हातात घेऊन सहा महिने दिले होते. याच्यासाठी लेकीच्या पोटावर पाय द्यायचा? याच्या डोळ्यांसाठी? मावशीला त्याची किळस आली. आणि त्याहून जास्त किळस तिला या गोष्टीची आली की असला फडतूस माणूस तिच्या हातची पिऊन मरणार, तिच्या नावावर लागणार, आणि तिच्या एकुलत्या एका गर्वाला जन्माचा बट्टा लावून जाणार.

"साहेब, ते तोंडाला लावू नका!"

पेला ओठांपाशीच थांबला. "बाई, हे औषध आहे."

"औषध नाही, माझी दारू आहे ती. आज सकाळी तुमच्या कोटाच्या बाहीतून आली. चुकीच्या डब्यातली आहे." वकील तिच्याकडे हातवारे करत होता, तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली. "पहिल्या धारेची पाहिजे, पहिल्या धारेची पाहिजे, म्हणून नाचत होतात ना सगळे? ती ही! हिनं मी गंजाचे डाग काढते. माझा नवरा हिनंच गेला. आधी डोळे गेले, मग तो गेला. एवढे दिवस मी तुम्हाला दुसऱ्या धारेची पाजत होते आणि तुम्ही जिभा चाटत होतात." मग तिनं बाकांकडे पाहिलं. "आज ज्यांच्या ज्यांच्या घरी कडक इस्त्री आलीय, त्यांनी ती मोरीत ओता. घरात दुसऱ्या कुणी घोट घेतला नसेल तर नशीब समजा."

कुणी कुणाकडे पाहिना. मग डॉक्टर उठला. "एक पेशंट आहे माझा, आठवलं," असं भिंतीला सांगून तो जवळजवळ धावतच बाहेर पडला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, चुलीवर दूध ठेवून आलेय मी!" आणि पदर सावरत निघाल्या. हेडमास्तर काही न बोलताच गेले. त्यांची बाटली पुराव्यात जमा होती, पण बहुधा आणखी एखादी दुसऱ्या कुणाच्या नावावर मागवलेली असावी. पेशकार गेला, तिजोरी खात्याचा साहेब गेला, मंडळाच्या चारपैकी तीन बायका गेल्या. वकिलानं आपले कागद गोळा केले आणि आपल्या अशिलाला पिंजऱ्यातच विसरून तोही गेला. नवा इन्स्पेक्टर दाराशी उभा राहून एकेकाचं तोंड बघत होता. एवढे आरोपी एकाच वेळी स्वतःच्या पायांनी चालत जाताना त्यानं कधी पाहिले नसावेत.

मावशी हसली. पिंजऱ्याचा कठडा धरून पोटभर हसली. साहेब घाम पुसत उठले, "आरोपीनं गुन्हा कबूल केला आहे, शिक्षा नंतर सांगण्यात येईल," एवढं पेल्याकडे बघतच बोलले आणि पेला हातात घेऊन आतल्या खोलीत गेले. मोरीत काहीतरी ओतल्याचा आवाज आला. जीव वाचला, म्हणून आभाराचा एक शब्द नाही. मावशीनं त्याची अपेक्षाही केली नव्हती.

बाकं रिकामी झाली होती. फक्त शेवटच्या बाकावर जावई बसून होता, हात मांडीवर, मान थोडी वर उचललेली. झालं! एवढी उलथापालथ झाली आणि हा बसलाय लोंबकळत. मावशी जाईल कैदेत, लेकीची नोकरी जाईल, आणि हा त्या घराचा आता कर्ता पुरुष!

"जावईबापू!" ती ओरडली. "बसलात काय नुसते? घरी जा, तो निळा डबा ओतून टाका आधी. ऐकू येतंय ना?"

"येतंय," तो म्हणाला. आवाज कुठून आला ते कळायला त्याला जरा वेळ लागला. मग त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं, पण पुरतं नाही, थोडं बाजूला. "चुकलंच माझं, सासूबाई. मला वाटलं, या वेळी तरी तुम्ही नावाजाल. चव कळली पाहिजे म्हणालात, म्हणून प्रत्येक बाटलीतली चाखून मगच बूच लावलं. कडूच लागली, पण म्हटलं, मला कुठे कळतंय त्यातलं."

मावशीनं कठडा घट्ट धरला.

"डबा ओततो मी," तो म्हणाला. "फक्त इथले दिवे लावले की निघतो. एवढ्या अंधारात पायऱ्या दिसत नाहीत."

उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन सगळ्या बाकांवर पडलं होतं. त्याच्या तोंडावरही पडलं होतं आणि तो डोळे न मिटता त्यात बघत होता.

"डॉक्टर!" मावशी किंचाळली. शिपाई पुढे झाला, तिनं त्याला ढकललं. "अरे, डॉक्टरला बोलवा कुणीतरी! माझ्या पोराला बघा! डॉक्टर!"

पण डॉक्टर सगळ्यांच्या आधी पळाला होता. घाईत त्याची बॅग तेवढी बाकावर राहिली होती.